दार वाजलं की शिलाई थांबते

प्रश्न : नमस्कार ताई. मी सांगलीची, वय ३९. विश्रामबागला आमचा वन बीएचके आहे. घरात मी, मिस्टर, सासूबाई, दहावीतला मुलगा आणि पाचवीतली मुलगी. सहा वर्षं झाली, घरीच ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. मशीन हॉलमध्ये, दाराजवळच आहे. हाताला सफाई आहे म्हणतात, त्यामुळे कामाला तोटा नाही. अस्तराच्या ब्लाउजला अस्तरासकट ३५० घेते. आठवड्याला अठरा-वीस ब्लाउज येतात. पण मशीनवर मनच लागत नाही. दहाला बसायचं ठरवते, सगळं आवरून बसेपर्यंत साडेअकरा वाजतात. मग दार वाजतं, फोन येतो, सासूबाई हाक मारतात. गळ्याचं डिझाइन बघायला फोन घेतला की तास कुठे गेला कळत नाही. रात्री बारापर्यंत जागते तरी दिवसाला दोनच्या वर होत नाहीत. मे महिन्यात एका नवरीचा हळदीचा ब्लाउज हळदीच्या दिवशी सकाळी दिला. तिची आई दारात उभी राहून नाही नाही ते बोलली. आत्ता तेवीस ब्लाउज थकलेत. मिस्टर म्हणतात, घरीच तर असतेस, जरा नियोजन कर. जवळच ५,००० भाड्याने गाळा मिळतोय, घेऊ का? एक जण उद्योगाची सरकारी नोंदणी करून देतो म्हणून १,५०० मागतोय, देऊ का? की माझ्यातच शिस्त नाही?
— एक वाचक, सांगली

नमस्कार,

शिस्तीचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलाय, त्याचं उत्तर आधी देते. जी बाई सहा वर्षं रात्री बारापर्यंत मशीनवर बसते तिच्यात शिस्त नाही असं म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. गडबड दुसरीकडे आहे आणि ती तुमच्याच पत्रात लिहिलेली आहे. आठवड्याला अठरा-वीस घेता. दिवसाला दोन होतात. रविवार सोडला तर आठवड्याचे झाले बारा. म्हणजे दर आठवड्याला सहा ते आठ ब्लाउज मागे राहणार, हे वहीत नोंद करतानाच ठरून गेलेलं असतं. तीन-चार आठवडे असे गेले की तेवीस थकतात. यात मन लागण्या-न लागण्याचा संबंध नंतर येतो, आधी साध्या बेरीज-वजाबाकीचा येतो.

आणि खरं सांगू का, मन लागत नाही ते याच्याचमुळे. समोर एक ब्लाउज असतो आणि डोक्यात बाकीचे बावीस. बेल वाजली की पहिला विचार येतो, कोण बरं मागायला आलं असेल? फोनचा आवाज आला की छातीत धस्स होतं. अशा वेळी गळ्याचं डिझाइन शोधायच्या निमित्ताने फोन हातात घेऊन बसणं म्हणजे तेवढ्यापुरती सुटका असते. तुम्हाला आळशी म्हणणाऱ्यांनी कधी तेवीस जणींना ‘उद्या नक्की’ म्हणून बघावं.

सोफी लरॉय नावाच्या एका संशोधक बाईंनी २००९ साली याच विषयावर लिहिलं. हातातलं काम अर्धवट टाकून माणूस दुसऱ्या कामाकडे वळला की त्याच्या लक्षातला काही भाग मागच्या कामातच अडकून राहतो आणि पुढचं काम त्यामानाने कच्चं होतं, असं त्यांना दिसलं. त्यांचे प्रयोग ब्लाउज शिवणाऱ्यांवर केलेले नव्हते, पण बाही चढवता चढवता दार उघडायला उठलेल्या कुठल्याही बाईला हे वेगळं सांगायला नको. परत येऊन बसल्यावर पहिली पाच मिनिटं ‘मी कुठे होते’ यातच जातात.

तेव्हा मी तुम्हाला मन ताब्यात ठेवायचे उपाय सांगणार नाही. पहाटे चारला उठा, ध्यान करा असं सांगणाऱ्यांचं मला नवल वाटतं, त्यांच्या घरचे डबे कोण भरतं कोण जाणे. आपण वही, दार आणि फोन या तीन गोष्टींचं बघू. आणि हे सगळं केलंत तरी दिवसाला चार ब्लाउज होतील असं आश्वासन मी देत नाही. तेच दोन होतील, क्वचित अडीच. पण ते संध्याकाळी सहाला झालेले असतील आणि रात्री तुम्ही झोपलेल्या असाल.

आधी वही. तुमच्या आठवड्यात बारा खण आहेत असं समजा. वहीच्या एका पानावर एक आठवडा आणि त्यात बारा ओळी. बाई ब्लाउज घेऊन आली की पहिली रिकामी ओळ ज्या आठवड्यात असेल तो आठवडा तिला सांगायचा. ‘कधी हवाय?’ हा प्रश्न बंद. त्याचं उत्तर कायम ‘लवकरात लवकर’ असंच येतं. लग्नाचं काम असेल तर ‘लग्न कधी आहे?’ एवढंच विचारा, आणि तारीख कळली की त्याच्या आधीचे आठ दिवस ही तुमची शेवटची मुदत. मधल्या दिवसांत घालून बघणं, कुठे सैल-घट्ट असेल तर उसवून नीट करणं, सगळं बसतं. नवऱ्या महिन्याभरात बारीक होतात आणि नवरीच्या आया ऐन वेळी बाहीची लांबी बदलतात, हे तुम्हाला मी काय सांगायचं.

बारातले दहाच भरा. दोन ओळी कोऱ्या ठेवा. एक उसवाउसवीला आणि एक खरोखरच्या अडचणीला. त्या दुसऱ्या ओळीला दर दीडपट लावा आणि तो आधीच पावतीवर छापून घ्या, म्हणजे तोंडाने सांगायची पाळी येत नाही. गंमत अशी की दीडपट म्हटलं की निम्म्या जणींची घाई आपोआप ओसरते.

पावतीपुस्तक तुमच्याकडे असेलच. नसेल तर कार्बनचं आणा. माप घेतानाच कापडाचा बोटभर तुकडा कापून पावतीच्या तुमच्या प्रतीला टाचायचा, जुने शिंपी करतात तसा. गळ्याचं चित्र तिथेच, गिऱ्हाइकासमोर काढायचं. पुढचा गळा किती, मागचा किती, पाईपिंग कुठल्या रंगाचं, नाडी आणि लटकन हवं की नको, हुक पुढे की मागे. डिझाइन तिने तिच्या फोनमध्ये शोधून आणायचं. ‘तुम्हीच छानसं काहीतरी करा’ म्हणणाऱ्या बाईला तुमच्याकडच्या चार-पाच ठरलेल्या गळ्यांतला एक निवडायला लावा. एकदा पावती फाडली की डिझाइनचा विषय संपला, त्यासाठी फोन उघडायचं कारण उरत नाही. तुमचा तो हरवणारा तास बहुतेक इथेच सापडेल.

नाही म्हणायला जड जातं, मला माहीत आहे. समोरची बाई ओळखीची असते, कुणाची तरी जाऊ, कुणाची शेजारीण. पण ‘नाही’ हा शब्द उच्चारायची गरजच पडत नाही. “ताई, पुढच्या गुरुवारच्या आत व्हायचा नाही. चालणार असेल तर ठेवून जा.” एवढं म्हणायचं आणि गप्प बसायचं. ‘बघते’, ‘करते काहीतरी’, ‘तुमच्यासाठी म्हणून’ यातलं एकही जोडायचं नाही. दहातल्या सात जणी ठेवून जातील. तीन जणी दुसरीकडे गेल्या तर जाऊ द्यात, त्यांना तुमच्याकडून ब्लाउज वेळेवर मिळणारच नव्हता.

आता कामाकडे येऊ, कारण घरातल्या व्यत्ययाचा खरा उपाय मला तिथेच दिसतो. ब्लाउज हे एक काम नाही. त्यात निदान तीन वेगळ्या जातीची कामं आहेत आणि तिन्हींना लागणारं लक्ष वेगवेगळं आहे.

कटिंगला माफी नाही. साडीतून निघालेला पीस जेमतेम ८० सेंटीमीटर, त्यातच पुढचे भाग, पाठ, बाह्या आणि पट्ट्या बसवायच्या. पैठणी असेल तर काठ दोन्ही बाह्यांना सारखा आला पाहिजे, मोर एका बाहीवर उभा आणि दुसरीवर आडवा पडला तर बाई रडकुंडीला येते. कात्री चालवताना कुणी “अगं, गॅस बंद केलास का?” विचारलं की दोन्ही बाह्या एकाच हाताच्या निघतात. तसला दुसरा पीस बाजारात मिळत नाही, कारण तो त्याच साडीचा होता. मशीनची शिलाई त्या मानाने सोशिक. चुकलं तर उसवता येतं, वेळ जातो पण कापड वाचतं. त्यातही टक्स घालणं, अस्तर जोडणं वेगळं आणि मुंढ्याला बाही चढवणं वेगळं, तिथे मध्येच उठलं की चुणी पडलीच म्हणून समजा. आणि तिसरी हातशिलाई. हुक लावणं, गळ्याला आतून टाके घालणं, लटकन, दोरे कापणं. हे गप्पा मारत, मुलीचे पाढे ऐकत, वीज गेली असेल तर खिडकीत बसून होतं.

तुम्ही सध्या एक ब्लाउज धरता आणि कापण्यापासून हुकापर्यंत तोच संपवता, असा माझा अंदाज आहे. त्यामुळे दिवसातल्या कुठल्याही क्षणी दार वाजलं तरी ते चुकीच्याच वेळी वाजतं. त्याऐवजी आठवड्यातल्या दोन सकाळी, समजा सोमवार आणि गुरुवार, फक्त कटिंग करा. एका बैठकीला पाच-सहा. रात्रीच्या ट्यूबलाइटखाली कापू नका, मरून आणि चॉकलेटी एकच दिसतात. कापून झालेल्या प्रत्येक ब्लाउजचं अस्तर, हुक, पाईपिंगची पट्टी आणि जुळलेला दोरा असं सगळं एका पिशवीत भरून पिशवीला पावतीचा नंबर लावा आणि तारखेच्या क्रमाने खुंटीला टांगा. शिवायला रोज दोन पिशव्या काढायच्या, बाकीच्या दिवशी सकाळी आणि कटिंगच्या दिवशी कटिंग आटोपल्यावर. जमलं तर एका रंगाच्या, म्हणजे रीळ आणि बॉबिन सारखी बदलावी लागत नाही. दोन झाल्या की तिसरी काढायची नाही, कितीही हुरूप आला तरी. काल तीन काढून दोन पुऱ्या झाल्या तर आज सकाळी अर्धवट ब्लाउज समोर असतो आणि दिवस चिडचिडीने सुरू होतो.

लिज्जत पापडाचं काम कसं चालतं ते पाहिलं असेल तर हे पटेल. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन ते सुरू केलं, आज हजारो घरांत पापड लाटले जातात. लाटणं घरी असलं तरी पीठ घरी मळलं जात नाही. ते केंद्रावर मळून, मोजून मिळतं आणि लाटलेले पापड परत केंद्रावर वजनाला लागतात. किती लाटायचे हे सकाळी पिठाच्या गोळ्याबरोबर ठरलेलं असतं, दुपारी कोण पाहुणे आले यावर नाही. तुम्हाला केंद्र नाही, तर तुमच्या खुंटीवरच्या दोन पिशव्या हेच मोजून मिळालेलं पीठ.

हातशिलाई संध्याकाळच्या वेळेला ठेवा, कारण तीच तुमच्या गिऱ्हाइकांची वेळ असणार आहे. ४ ते ६ मापं आणि डिलिव्हरी, रविवारी बंद. दारावर लहानशी पाटी लावा, पावतीवर छापा, फोनवर तोच मजकूर. एरवी येणाऱ्या बाईला आत घ्यायचं नाही, दारातून “चारनंतर या हं” म्हणायचं. पहिले पंधरा दिवस जीव कानकोंडा होईल. बँक, दवाखाना, रेशनचं दुकान, सगळ्यांच्या वेळा हीच माणसं पाळतात. तुमची पाळत नाहीत कारण तुम्ही ती कधी सांगितलीच नाही. हातशिलाई वाढत चालली तर आसपासची एखादी गरजू बाई बघून हुक-हेमिंग तिच्याकडे नगावर द्या. पुष्कळ ठिकाणी तसं चालतं.

मशीनची जागाही बदला. हॉलमध्ये दाराजवळ मशीन म्हणजे तुम्हीच पहारेकरी झालात. गिऱ्हाइकाला हॉल, मशीनला आतल्या खोलीतली खिडकी. उजेड डाव्या बाजूने येईल असं लावा, आणि थकलेल्या पिशव्यांचा ढीग येणारीच्या नजरेला पडणार नाही, हा एक जास्तीचा फायदा. मुलगा दहावीचा आहे, त्याला सकाळी शाळा-क्लास असेल तेव्हाच तुमचं मशीन चालेल. तो घरी बसून वाचत असताना तुम्ही हातशिलाईवर असाल, त्याचंही बरं.

आणि सासूबाई. तुम्ही त्यांना व्यत्ययाच्या यादीत टाकलंय. मी त्यांना दार देईन. दिवसभर घरात असलेल्या, चार माणसांशी बोलायची आवड असलेल्या बाईंना करायला काही नसलं की त्या सुनेला हाका मारणारच. त्यांना पावतीपुस्तक समजावून सांगा. शिवून झालेले ब्लाउज कुठल्या पिशवीत आहेत, कुणाचे किती येणं बाकी आहे, दहा ते एकच्या मध्ये आलेल्या बाईला काय सांगायचं, हे त्यांच्याकडे. “सूनबाई कामात आहेत, चारला या” हे सासूच्या तोंडून गेलं की कुणी वाद घालत नाही. तुम्ही स्वतः म्हणालात तर ‘फार भाव खायला लागली’ असं होतं. अन्याय आहे, पण आपल्याकडे तसं आहे, त्याचा उपयोग करून घ्या. सुरुवातीला त्या दोन पावत्या चुकवतील. तिथे तोंडातून शब्द जाऊ देऊ नका.

तुमचं ‘सगळं आवरून बसते’ हे वाक्य मात्र मला खटकलं. घर आवरून होत नसतं. दहाला बसायचं तर दहाला ओट्यावर भांडी असताना बसायचं, पलंगावर घड्या घालायचे कपडे असताना बसायचं. ती भांडी एकला तिथेच असतील, कुणी पळवून नेणार नाही. नाही तर मुलगा आहे, मिस्टर आहेत. केंद्र सरकारने २०२४ मध्ये केलेल्या वेळवापराच्या पाहणीत घरच्या बिनपगारी कामांना बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं आणि पुरुषांचे ८८ मिनिटं जातात असं निघालं. पावणेपाच तासांहून जास्त एकीकडे, दीड तासाच्या आत दुसरीकडे. तेही जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांचे ८८. मिस्टरांचं ‘घरीच तर असतेस’ हे या २८९ मिनिटांवर उभं आहे.

त्यांच्याशी भांडू नका, हिशोब दाखवा. ३५० मधले अस्तर, दोरा, हुक, वीज मिळून ऐंशी गेले असं धरू. उरले २७०. आठवड्याला बारा, महिन्याला अठ्ठेचाळीस, म्हणजे जवळजवळ १३,००० रुपये. हे तुम्ही कधी एकत्र पाहिलेत का? बहुधा नाही, कारण ते शंभर-दोनशेने येतात आणि भाजी, रिक्षा, मुलीची वही यात जिरतात. शिलाईचे पैसे एका वेगळ्या खात्यात घ्या, त्याचाच क्यूआर कोड दाराशी लावा, आणि महिनाअखेरीला ते पान मिस्टरांसमोर ठेवा. मग सांगा, दहा ते एक मी कामावर असते. या वेळात गॅस सिलिंडर, पार्सल, शाळेचा फोन यातलं काय काय तुम्ही बघणार ते आपण वाटून घेऊ. नुसती तक्रार केली तर ‘सगळ्याच बायका करतात’ असं ऐकावं लागतं. आकडा समोर असला की बोलणं निराळं होतं.

फोनचं थोडक्यात. मुलं शाळेत असताना फोन बंद ठेवणं तुम्हाला जमणार नाही आणि जमूही नये. पण बहुतेक फोनला दोन सिम बसतात. गिऱ्हाइकांसाठी वेगळा नंबर घ्या, त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस टाका, ते फुकट आहे आणि साध्या व्हॉट्सअ‍ॅपबरोबर त्याच फोनमध्ये चालतं. त्यात कामाच्या वेळा आणि माहिती लिहून ठेवायची सोय आहे, ती गिऱ्हाइकाला दिसते. ‘मापं व डिलिव्हरी ४ ते ६. आपल्या निरोपाला चारनंतर उत्तर देईन’ एवढं लिहून ठेवा. दहाला बसताना ते सिम बंद आणि डेटा बंद. घरच्या नंबरवर शाळेचा साधा फोन येऊ शकतो, रील येऊ शकत नाही. फोन हाताच्या अंतरावर नको, फडताळात वरच्या कप्प्यात ठेवा. उठून, स्टूल घेऊन रील बघायचा कंटाळा येतो.

एवढं सगळं करूनही मध्ये उठावं लागणारच. घर आहे, दूध उतू जाईल, मुलगी पडेल. त्यासाठी एक बारीकशी सवय लावा, लरॉयबाईंच्याच पुढच्या अभ्यासात ती उपयोगी ठरली होती. उठायच्या आधी कुठे आहात आणि आल्यावर काय करायचंय ते दोन शब्दांत लिहून ठेवायचं. मशीनजवळ मुलीची जुनी पाटी टांगा, हातात खडू असतोच. ‘उजवी बाही बाकी, डावीला ०.५ इंच घेतलंय’. दहा सेकंद लागतात, आणि परत आल्यावर डोकं खाजवत बसावं लागत नाही.

गाळा आत्ता घेऊ नका. ५,००० भाडं म्हणजे अठरा-एकोणीस ब्लाउजांचा नफा, म्हणजे दीड आठवड्याची शिलाई फक्त गाळेवाल्यासाठी. वर डिपॉझिट, वर दुकानाच्या विजेचा चढा दर. आणि गाळ्यात दार वाजवायचीही गरज नसते, ते उघडंच असतं. इथे ज्या बाईला “चारला या” म्हणता येत नाही तिला तिथे दिवसभर रस्त्यावरून जाणारं कुणीही हात करील. शिवाय घरचा स्वयंपाक तुमचाच, मुलाची दहावी मार्चपर्यंत डोक्यावर. त्याची परीक्षा होऊ द्या. तोवर तीन महिने सलग बारा ब्लाउज ठरल्या तारखेला गेले आणि तरी गिऱ्हाइकं परत पाठवावी लागली, तर गाळ्याचा आणि हाताखाली एखादी मुलगी ठेवायचा विचार एकदमच करा. दोन्ही एकत्र असेल तरच गाळा परवडतो.

राहिले ते तेवीस. हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा पितृपंधरवडा लागलेला असेल. नवं कापड बाहेर काढायला लोक या दिवसांत नाखूश असतात, तर त्याचाच फायदा घ्या. पंधरा दिवस नवीन एकही ब्लाउज घरात घ्यायचा नाही. आठवड्याला बारा म्हणजे दोन आठवड्यांत चोवीस, घटस्थापनेपर्यंत वही कोरी होते. सगळ्या पिशव्या जमिनीवर मांडा, कापलेले आणि न कापलेले वेगळे करा, कापलेल्यांना आधी धरा. मग तेवीस जणींना फोन करून प्रत्येकीला तिची खरी तारीख सांगा. सगळ्यांत जास्त उशीर झालेली जी बाई असेल तिला पहिला फोन, कारण तो टाळला तर बाकीचे बावीसही टळतील. दोघी-तिघी कापड परत मागतील. न कापलेलं असेल तर शांतपणे देऊन टाका.

नवरात्रात नऊ रंगांच्या घाईत साधे ब्लाउज येतील, ते बारातच बसवा. दिवाळीची वही दसऱ्याला उघडा. लक्ष्मीपूजनापर्यंत जेमतेम तीन आठवडे मिळतात, त्यातला शेवटचा चकली-करंज्यांचा, म्हणजे हातात दोनच. आठवड्याला दहा धरून विसावी ओळ भरली की दारावर पाटी : दिवाळीच्या ऑर्डर बंद. तुळशीचं लग्न लागल्यावर नवऱ्यांच्या आया येतीलच.

ता. क. नोंदणीचे १,५०० अजिबात देऊ नका. उद्यम नोंदणी सरकारच्या संकेतस्थळावर फुकट होते, आधार आणि पॅन जवळ असलं की पुरतं. तुमचा दहावीतला मुलगा रविवारी बसून करून देईल. तो बसेल तेवढ्या वेळात भांडीही त्याच्याकडेच.